झाकली मूठ

कातडीला काय काय होऊ शकते याची मराठी भाषेला फार बारीक जाण आहे. तीळ वेगळा, मस वेगळा, चामखीळ वेगळी. जन्मतःच खूण असली तर ते लासे, गालावर काळसर छाया आली तर तो वांग. उन्हाळ्यात घामोळे येते, पित्त खवळले की अंगावर गांधी उठतात, केसाच्या मुळाशी पू धरला तर ते केसतूड. इसब, नायटा, गजकर्ण, खरूज, नागीण यांतल्या प्रत्येकाचे नाव निराळे आणि प्रत्येकावरचा घरगुती उपायही निराळा. आमच्या लहानपणी वाड्यातली कुठलीही म्हातारी पोराच्या उघड्या पाठीवर एक नजर टाकून सांगायची, "हे घामोळं नव्हे, गोवर आहे." आणि बहुतेक वेळा तिचे बरोबर निघायचे.

पण हीच भाषा पदराआड गेली की एकदम मुकी होते. बाई मुलाला 'अंगावर' पाजते. गर्भाशय खाली उतरले तर तिचे 'अंग' बाहेर येते. पांढरे जाऊ लागले तर ते 'अंगावर' जाते. ज्या ज्या अवयवाचे नाव घ्यायचे नाही, त्या सगळ्यांना मिळून आपण हा एकच शब्द वापरतो! 'स्तन' हा शब्द आहे, नाही असे नाही. पण तो काव्यातला, नाही तर वैद्यकाच्या पुस्तकातला. 'थान' हा खास घरचा शब्द, तो आपण गाईम्हशींना देऊन टाकला. उरली ती 'छाती', आणि ती तर पुरुषांनाही असते. म्हणून डॉक्टरांपुढे बसलेली बाई मान खाली घालून "छातीला काहीतरी झालंय" म्हणते, आणि डॉक्टर नळी कानाला लावून तिचे हृदय ऐकू लागतात.

ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याच्याकडे पाहायचेही नाही, अशी आम्हां बायकांना सवय लागते. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका लुगडे नेसूनच आंघोळ करायच्या आणि ओल्या लुगड्यावरून कोरडे गुंडाळून मग ओले सोडायच्या. त्यात कौशल्य होते; पण त्या कौशल्यापायी जन्मभरात स्वतःचे शरीर स्वतःला कधी दिसत नसे. आता न्हाणीघरात आरसा आला. तरीही आपण त्यात पाहतो ते तोंड. हनुवटीवर एक पुळी आली तर तिची चौकशी दिवसातून दहादा होते. वीतभर खाली काय चालले आहे ते आरशाला दिसते, आपल्याला नाही.

बरे, इतरत्र तरी आपण हा अवयव कसा पाहिलेला असतो? तर दगडात. वेरूळला पाहिला, खजुराहोच्या भिंतींवर पाहिला. शिल्पकारांनी तो जीव ओतून घडवला. पण घडवला तो दोन सारखे कलश घडवावेत तसा. त्या दगडी कातडीवर तीळ नाही, रेघ नाही, शीर नाही. आणि कधी काळी एखादी बाई धीर करून स्वतःकडे पाहते तेव्हा तिला ह्यातले सगळेच दिसते, आणि ती घाबरते.

माझी भाची अशीच घाबरून आली होती. तिला पाचवा महिना होता. दार लावून घेऊन, रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, तिथे बारीक बारीक गाठी आल्यात गं." स्तनाग्राभोवती जे काळसर वर्तुळ असते त्यावर मोहरीएवढे दहाबारा उंचवटे होते. तिला काही झालेले नव्हते. त्या तेलकट स्राव करणाऱ्या ग्रंथी. त्या प्रत्येकीलाच असतात, पण गरोदरपणात फुगून नजरेला येतात. डब्लिनच्या माँटगोमेरी नावाच्या डॉक्टराने १८३७ साली गरोदरपणाच्या लक्षणांवर पुस्तक लिहिले, त्यात त्याने त्यांचे मोठ्या आवडीने वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. हा स्राव कातडी मऊ ठेवतो. इतकेच नव्हे तर नवजात बाळे त्याच्या वासाने तोंड हलवू लागतात असेही संशोधकांना आढळले आहे. भाचीला हे सांगितले तेव्हा ती डोळे पुसून हसली. ज्याची भीती वाटत होती ती बाळाच्या जेवणाची तयारी निघाली.

खरे म्हणजे या कातडीवर जे काही दिसते त्यातले बहुतेक असेच निरुपद्रवी असते. दोन्ही बाजू अगदी सारख्या जवळजवळ कुणाच्याच नसतात. वयात येताना, गरोदरपणी किंवा अंगात मांस भरताना कातडी ताणली जाते आणि तिच्यावर रेघा उमटतात. त्या आधी लालसर जांभळ्या असतात, मग वर्षा-दोन वर्षांत रुपेरी होऊन जातात. गरोदरपणी हिरव्यानिळ्या शिरा वर येतात, काळे वर्तुळ अधिक काळे आणि मोठे होते. त्या वर्तुळाच्या कडेला दोनचार केस असणे हीही नवलाची गोष्ट नाही. चाळिशीनंतर लालभडक टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके येतात, उतारवयात वरून चिकटवल्यासारखे खडबडीत तपकिरी डाग येतात. कुणाचे स्तनाग्र जन्मापासूनच आत वळलेले असते. कुणाच्या बरगडीवर जन्मभर 'तीळ' म्हणून वागवलेली खूण हे चक्क एक जादा स्तनाग्र असते. काखेपासून जांघेपर्यंत एक रेषा गर्भावस्थेत असते आणि मांजरी-कुत्रीची आचळे त्याच रेषेवर येतात. त्या जुन्या नात्याची ती आठवण.

त्यातून आपले हवामान. वैशाखात आणि पावसाळ्यात स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, कातडीला कातडी घासते आणि तिथे लाल, ओलसर, खाजरा पट्टा उठतो. त्यावर बुरशी वाढली म्हणजे चुरचुर होते आणि वासही येतो. बायका हे वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात, आणि उपाय तर साधा आहे: धुऊन नीट कोरडे करायचे, सुती कपडा वापरायचा, बुरशीवरचे मलम डॉक्टरांना विचारून लावायचे. कुणाला मंगळसूत्राच्या तारेतल्या धातूने पुरळ उठते, कुणाला बॉडीचा पट्टा काचतो. यांपैकी कशानेच माणूस मरत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचे की ही सर्व मंडळी कारण दूर केले की पंधरा दिवसांत बरी होतात, किंवा मग वर्षानुवर्षे आहेत तशीच राहतात. जे बरेही होत नाही आणि आहे तसे राहतही नाही, त्याची चौकशी करायची.

पूर्वी ही चौकशी करणारे एक माणूस प्रत्येक घरी येत असे, ते म्हणजे बाळंतिणीला तेल लावणारी बाई. सव्वा महिना ती रोज यायची. तिच्या हाताखालून गावातल्या सगळ्या जातींच्या, सगळ्या वयांच्या लेकीसुना गेलेल्या असत. कुणाला दूध साकळले आहे, कुणाला चिरा पडल्या आहेत, कुणाला गळू होऊ घातले आहे हे तिला बोटांनी कळायचे, आणि तिच्यापाशी लाजायचे कारण नसे. पण सव्वा महिना संपला की तीही जायची. शेवटचे बाळंतपण उरकले की त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे बाईच्या या कातडीवर कुणाचीच नजर पडत नसे. आणि धोक्याची वर्षे तर नेमकी हीच.

माझी आत्या वाईला असायची. १९८६ साली ती अठ्ठावन्न वर्षांची होती. तिला एका स्तनाग्रावर इसब झाला होता. आधी नुसती खाज, मग खपली, खपली निघाली की ओलसर लाल कातडी. गावातल्या डॉक्टरांना तिने न दाखवता नुसते तोंडी सांगितले, त्यांनीही न पाहता मलम दिले. मलम लावले की आठ-दहा दिवस बरे वाटे, सोडले की पुन्हा तेच. असे वर्ष गेले. घरात कुणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक झाले ते धुणे धुणाऱ्या बाईमुळे. एके दिवशी चोळी पिळता पिळता ती वहिनीला म्हणाली, "वैनी, सासूबाईंच्या चोळीला रोज एकाच अंगाला डाग असतोय बघा. घासून बी जात न्हाई."

वहिनीने मला पत्र घातले, मी गेले. आत्या मला म्हणाली, "अगं, इसब तो. ह्या वयात कुणाकुणाला दाखवत फिरू? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटले, "आत्या, मूठ उघडायला नको. नुसती पुण्याला चल." तीन दिवस हो-ना करून ती निघाली, तीही डॉक्टर बाई आहे या अटीवर.

त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलेले दोन प्रश्न मला अजून आठवतात. "सुरुवात कुठून झाली? मधून की कडेनं?" आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, "बोंडीवरनं. मग भोवती पसरलं." "दोन्हीकडे आहे का?" "नाही. एकाच." बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी कातडीचा अगदी लहानसा तुकडा तपासायला काढला.

त्या दोन प्रश्नांचा अर्थ मला पुढे कळला. साधा इसब बहुधा भोवतालच्या वर्तुळावर सुरू होतो, पुष्कळदा दोन्हीकडे असतो, आणि औषधाने जातो तो जातो. दुसरा एक आजार हुबेहूब इसबासारखा दिसतो. पण तो स्तनाग्रावर सुरू होऊन बाहेर पसरतो आणि बहुतेक एकाच बाजूला असतो. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यवैद्य सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली असल्या सुमारे पंधरा स्त्रियांची हकिकत छापली. प्रत्येकीला स्तनाग्रावरच्या चट्ट्यानंतर फार तर दोन वर्षांत स्तनाचा कर्करोग झालेला होता. चट्टा आधी दिसतो, पण रोग बहुधा आधीच आत असतो. दुधाच्या नळ्यांतून रोगट पेशी वरच्या कातडीत येतात. मलमाने वरची लाली काही दिवस ओसरते आणि आतले काम चालूच राहते. आजार दुर्मीळ आहे. पण तो ओळखायला लागते काय? एक नजर, दोन प्रश्न आणि कातडीचा एक कण.

आत्याचे ऑपरेशन झाले. रोग काखेपर्यंत गेलेला नव्हता. ती त्यानंतर सतरा वर्षे जगली आणि गेली ती हृदयविकाराने.

तेव्हापासून मी या विषयातले मिळेल ते वाचत आले आहे. मला सर्वांत नवल वाटले ते याचे की या कातडीवरच्या वाईट खुणा घरगुती वस्तूंच्या उपमांनी सांगता येतात. एक खूण संत्र्याच्या सालीची. फ्रेंच डॉक्टरांनी तिला नावच 'संत्र्याची साल' असे दिले आहे. कातडी जाड होते, फुगते आणि तिच्यावर बारीक बारीक खळगे दिसतात. याचे कारण कळायला कापसाची गादी आठवावी. टाका घातला तिथे गादी आत दबते, मधला कापूस फुगून वर येतो. कातडीतला लसीकारस वाहून नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या रोगट पेशींनी तुंबल्या की कातडीत पाणी साचते. पण केसांच्या आणि घामाच्या ग्रंथींच्या मुळाशी ती टाक्यासारखी धरलेली असते, तिथे खळगा राहतो.

दुसरी खूण ओढलेल्या दोऱ्याची. लुगड्याचा एक धागा खिळ्याला अडकून ओढला गेला की भोवती चुणी पडते. स्तनाच्या आतही असे धागे असतात. इंग्लंडचे सर ॲस्टली कूपर यांनी १८४० च्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले. आतली गाठ त्या धाग्यांना आखडून घेते आणि वरच्या कातडीला खळी पडते. हात खाली असताना ती दिसत नाही; दोन्ही हात डोक्यावर नेले किंवा कमरेवर दाबून धरले की दिसते. आतापर्यंत सरळ असलेले स्तनाग्र आत वळू लागले, तर तीही याच जातीची खूण. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रेम्ब्रांटचे १६५४ सालचे बाथशेबाचे चित्र आहे. त्या स्त्रीच्या डाव्या स्तनाच्या कडेला कातडी आत ओढल्यासारखी दिसते, आणि हा कर्करोग, की जुने गळू, की नुसती सावली, यावर डॉक्टरांनी मासिकांतून वाद घातले आहेत. चित्रासाठी बसलेली हेंड्रिक्ये असावी असे मानतात. ती १६६३ साली वारली, म्हणजे चित्रानंतर नऊ वर्षांनी. निकाल काही लागायचा नाही. पण आमच्या शिल्पकारांचे कलश आठवले की मला त्या डच चित्रकाराचे कौतुक वाटते. त्याने समोर जी कातडी होती ती पाहिली आणि तशीच्या तशी रंगवली.

तिसरी खूण सर्वांत फसवी. सगळा स्तन किंवा त्याचा तिसरा हिस्सा थोड्या आठवड्यांत सुजतो, जड होतो, हाताला गरम लागतो. गाठ बहुधा नसतेच, त्यामुळे 'गाठ नाही ना, मग काही नाही' ही आपली समजूत इथे घात करते. पाजत्या आईला दूध साकळून असेच होते. तिला ताप येतो, ठणका लागतो, आणि योग्य औषधाने दोनचार दिवसांत उतार पडू लागतो. तो न पडला, किंवा मूल अंगावर नसताना हे झाले, तर गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही. आठवडा-दहा दिवसांत पुढची तपासणी करून घ्यायला हवी. पुस्तकात याला 'लाली' म्हणतात. पण ती पुस्तके गोऱ्या कातडीवरून लिहिलेली. आपल्या सावळ्या रंगावर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट दिसते, तपकिरी दिसते, कधी नुसती तकतकी येते. अशा वेळी दुसऱ्या बाजूशी ताडून पाहावे आणि तळहात ठेवून ऊब पाहावी.

आणखी थोडे: न भरणारी जखम, स्तनाग्रातून आपोआप येणारे रक्त, आकार वा रंग बदलणारा तीळ. आणि एक गैरसमज. दुखत नाही म्हणजे भिण्याचे कारण नाही असे आपण धरून चालतो. इथे पुष्कळदा उलट असते. मासिक पाळीच्या आधी जे ठणकते ते बहुधा निरुपद्रवी, आणि जे मुकाट्याने वाढते ते वाईट. भारतातल्या स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार जणींना तो झाल्याचा अंदाज आहे.

मग रोज चाचपत बसायचे का? तसे नव्हे. शांघायच्या कापडगिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला, त्यांतल्या निम्म्यांना स्वतःला तपासायची पद्धतशीर शिकवण दिली. २००२ साली निकाल आला; त्या शिकवणीने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, उलट निरुपद्रवी गाठींची शोधाशोधच वाढली. तेव्हा भीतीचे व्रत करण्यात लाभ नाही. मुंबईचा अनुभव मात्र वेगळा आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांना, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासत. यंत्र नाही, नुसती नजर आणि हात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तपासलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. हे वाचले तेव्हा मला ती तेल लावणारी बाईच आठवली. तिला थोडे शिकवून, शेवटच्या बाळंतपणानंतरही घरी येत राहायला सांगावे, तसेच हे झाले.

स्वतःपुरते प्रत्येकीला जमण्यासारखे एवढेच आहे की आपले नेहमीचे काय ते आपल्याला ठाऊक असावे. पाळी संपल्यावर, पाळी गेली असेल तर महिन्यातून कधीही, आरशापुढे उजेडात उभे राहावे. हात खाली, मग हात वर. तीळ कुठे आहे, रेघा कुठे आहेत, कुठली बाजू थोडी मोठी आहे हे एकदा ओळखीचे झाले की नवे काही आले तर ते आपोआप नजरेत भरते. अंगणात रोज झाडणाऱ्या बाईला अनोळखी पाऊल लगेच दिसते, तसे.

आत्या ऑपरेशननंतर बदलली. तिच्या घरी संक्रांतीचे हळदीकुंकू व्हायचे. तिळगूळ देऊन झाला की ती बायकांना सांगायची, "माझा इसब हा इसब नव्हता गं. तुम्ही आपापलं बघत जा, आणि काही दिसलं तर 'छातीला झालंय' म्हणू नका, नीट नाव घेऊन सांगा." पहिल्या वर्षी बायका एकमेकींकडे पाहून पदर सावरू लागल्या. काही लवकर उठल्या. एक मात्र सगळ्या जाईपर्यंत बसून राहिली. तिला माजघरात नेऊन आत्याने पाहिले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरांकडे नेले. घडीतला घामाचा नायटा निघाला, तीन आठवड्यांत गेला. आत्या ही हकिकत पुढे वर्षानुवर्षे सांगत असे, आणि शेवटी म्हणायची, "तीन वर्षं ती बाई कॅन्सर म्हणून झोपली नव्हती. नुसता नायटा होता हो!"